माझ्या गरिबीची चौकशी

एका गावात एक भोळा माणूस होता. गावाचं नाव उंबरदरा, माणसाचं नाव गेनू. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी त्याला भोळा न म्हणता सरळ मूर्ख म्हटलं असतं. पण हा गेनू म्हणजे मीच. म्हणून भोळा.

माझा धंदा बाजा विणायचा. चार पाय, चौकट आणि मध्ये सुंभाची दोरी, ती बाज. कुणाची बाज सैल झाली की मला बोलावणं यायचं. मी ती इतकी ताणून विणायचो की झोपणारा कूस बदलताना खाली पडायचा. मग गावात लोखंडी पलंग आले, पलंगावर गाद्या आल्या आणि लोक माझ्यावाचून झोपायला लागले. वाईट एवढंच वाटलं की त्यांना झोपही चांगली लागायची.

माझी बायको सगुणा लोकांच्या रानात खुरपणीला जायची. मुलगी मंदा बारावी झालेली, चांगल्या मार्कांनी. घर चालायचं ते सगुणाच्या खुरप्यावर आणि रेशनच्या गव्हा-तांदळावर. माझ्यावर काय चालायचं म्हणाल, तर माश्या.

एके दिवशी दवंडी झाली. गरिबांची यादी नव्यानं होणार, ज्याचं नाव राहील त्यालाच रेशन. सगुणा म्हणाली, "अहो, ग्रामपंचायतीत जाऊन काय काय लागतं ते विचारून या. आणि नीट ऐका."

मी गेलो. आमचे ग्रामसेवक कुलथे भाऊसाहेब. त्यांच्या टेबलावर इतके कागद असायचे की त्यांचं डोकं तेवढं दिसायचं. ते डोकं म्हणालं, "गेनू, कागद मी भरतो. पण घरी चौकशी होणार. जीप येईल, चार माणसं उतरतील. घरात गरिबी दिसली पाहिजे. नुसतं तोंडानं सांगून भागत नाही."

"कधी येतील?"

"ते कधी सांगून येतात का? जीप दिसली की समजायचं."

मी म्हणालो, "बरं."

माझं हे 'बरं' फार वाईट. ते तोंडातून निघालं की सगुणा देवाला हात जोडते.

रविवारी सकाळी जीप आली. चार माणसं उतरली. सगुणा दूध आणायला गेली होती. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौकशी!

मी धावत आत गेलो. तांब्याचा हंडा गोठ्यातल्या वैरणीखाली घातला. सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. चांगला शर्ट काढून भोकाची बनियन घातली आणि त्या भोकात बोट घालून ते आणखी मोठं केलं. मंदा नवीन साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून बसली होती. मी म्हणालो, "मंदे, हे काय? गजरा? लोक काय म्हणतील? जुनं नेस!"

ती "अहो बाबा, पण" एवढंच म्हणाली, तोवर माणसं दारात आली.

"या," मी म्हणालो. "बसा जमिनीवर. बसायला दुसरं काही नाही."

त्यांतले वयस्कर गृहस्थ खाकरले. "काय करता आपण?"

"काही करत नाही."

"म्हणजे शेती वगैरे?"

"शेती कुठली? दोन वेळचं खायला नाही. काल तर एकच वेळ होती."

"मुलगी शिकलेली आहे म्हणे?"

इथं माझी जीभ जरा अडखळली. मंदाचे मार्क गावात सगळ्यांत जास्त होते. पण गरिबी दिसली पाहिजे. मी म्हणालो, "शिकवतो कशानं? अंगठा लावते."

सोबत एक तरणा गडी होता, तेल लावून भांग पाडलेला. तो मंदाकडे बघायचा थांबला. गृहस्थ उठले. मला वाटलं, चौकशी कच्ची राहतेय. मी त्यांचे पाय धरले. "साहेब, एवढी पोरगी पदरात आहे. पण ती तुम्ही मनावर घेऊ नका. नुसतं धान्य दिलंत तरी चालेल!"

जीप गेली तेव्हा सगुणा दूध घेऊन आली. धुरळा बघून तिनं विचारलं, "मंदाला बघायला आलेले पाहुणे गेले?"

"कुठले पाहुणे?" मी म्हणालो.

मंदानं केसांतला गजरा सोडला, घडी करावी तसा दुमडला आणि कोनाड्यात ठेवला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चुकलं असावं.

सगुणानं दुधाचं भांडं खाली ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "अहो, माणसं दारात आली की घरात असेल नसेल ते मांडावं. नसेल तर शेजारून आणावं. तोंड भरून दोन शब्द जास्तच सांगावेत. गोडधोड खायला घालावं. चार घरचे लोक असंच करतात."

मी म्हणालो, "बरं."

बुधवारी पुन्हा जीप. या वेळी ती आधी सरपंचांकडे चहाला थांबली, म्हणून मला वेळ मिळाला. सगुणा रानात होती, मंदा शिवणाच्या क्लासला. मी शेजारच्या रंगनाथ अण्णांकडे पळालो. अण्णा माणूस भला. "अण्णा, दारात माणसं येतायत. अब्रूचा प्रश्न आहे. जरा तुमचं सामान द्या." अण्णांना वाटलं, मंदाला बघायला दुसरं स्थळ आलं. ते स्वतः फ्रीज उचलू लागले. त्यांची मोटारसायकल मी दारात आडवी लावली, म्हणजे ओलांडल्याशिवाय कुणाला आत येता येऊ नये. मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, आरामखुर्ची. काकूंनी शिऱ्याला तूप आणि रवा दिला, वर काजू दिले.

माणसं आत आली. पुढचे साहेब जाड चष्म्याचे. ते दारातच थांबले. "हे गेनू विठोबा यांचंच घर ना?"

"हो हो, या! बसा आरामखुर्चीत. फ्रीज बघा."

साहेबांनी फ्रीज उघडला. आत अण्णांच्या घरची अर्धी कोबी होती. "हा तुमचा?"

"आमचाच. आजोबांच्या वेळचा आहे."

"याची वायर कुठं लावलीय?"

"वायर लावत नाही. आम्हाला गारव्याची गरज नाही, नुसता शोभेला आहे."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. "गाडी?"

"एक ही. दुसरी मळ्यात असते."

"मळा आहे?"

"बारमाही पाणी."

"किती एकर?"

मला आकडा सुचेना. मी दारातून हात लांब केला. "तो डोंगर दिसतो ना? त्याच्या अलीकडचं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अहो, डोंगराच्या अलीकडे तर सगळं उंबरदरा येतं."

"तेच," मी म्हणालो. "घ्या, शिरा घ्या."

साहेबांनी शिरा खाल्ला नाही. ते फार कडक आवाजात म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं गरिबाच्या तोंडचा घास काढतात. लाज वाटत नाही?"

कौतुक केलं की नम्र राहावं. मी म्हणालो, "कसलं साहेब, सगळी तुमची कृपा." त्यांनी कागद पुढं केला, मी अंगठा लावला. त्या दिवशी मी फार खूश होतो. उरलेला शिरा मीच संपवला.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. मंदानं ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग म्हणाली, "बाबा, तुमचं नाव कापलंय. पुढं शेरा आहे. 'सधन बागायतदार'."

मी म्हणालो, "हे चांगलं आहे की वाईट?"

ती हसली आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागली.

त्या महिन्यात रेशन मिळालं नाही. सगुणा दोन रानांत खुरपायला लागली, एक सकाळचं, एक दुपारचं. संध्याकाळी ती भाकरीचे तीन भाग करायची. दोन मोठे, एक लहान. लहान कोण घेतंय हे मी मुद्दाम बघायचो नाही.

मीच एकदा विचारलं, "सगुणा, सरकारी माणसापुढं बोलायचं तरी काय?"

ती म्हणाली, "एकच बोलायचं. आपलं म्हणून काही नाही. घरात वस्तू दिसली तरी म्हणायचं, माझी नाही. काय वाटेल ते झालं तरी माझी म्हणायचं नाही."

"बरं."

अण्णांचा फ्रीज आणि बाकीचं सामान परत गेलं होतं. मोटारसायकल राहिली होती, कारण अण्णा मुंबईला मुलाकडे गेले होते. ते आल्याचं कळलं म्हणून मी गाडी त्यांच्याकडे न्यायला निघालो. मला चालवता येत नाही, म्हणून ढकलत निघालो. आणि दारापुढचा चढ नको म्हणून मी डांबरी रस्त्यानं वळसा घेतला. तिथं पोलिसांची गाडी उभी होती. तालुक्यात मोटारसायकली चोरीला जात होत्या. हवालदार जमदाडे पुढं आले. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा.

"ए, गाडी कुणाची?"

खाकी कपडे. म्हणजे सरकारी माणूस. मी ताठ उभा राहिलो. "माझी नाही."

"मग कुणाची?"

"ते माहीत नाही. माझी नाही एवढं नक्की."

"मग ढकलत कुठं निघालास?"

"साहेब, आपलं म्हणून काही नाही."

"अंगातला शर्ट तरी तुझा आहे का?"

मी शर्टाकडे पाहिलं. काय वाटेल ते झालं तरी माझी म्हणायचं नाही. "नाही साहेब."

"तोही चोरलास?"

"ज्याचा असेल त्याचा असेल."

जमदाडेंनी कपाळावर हात मारला आणि मला गाडीत बसवलं.

आता खरं सांगतो, मला सांगायला लाज वाटते. पण कोठडीत मी फार सुखात होतो. दुपारी बाराला ताट आलं. चपात्या, बटाट्याची भाजी, वरण, भात. वर पंखा. त्याआधी मला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. जन्मात कुणी माझं काही मोजलं नव्हतं. मला वाटलं, ही योजना आमच्या भाऊसाहेबांना माहीतच नसणार.

मी गजाआडून हाक मारली. "साहेब, याचा अर्ज कुठं करायचा?"

"कशाचा?" जमदाडे म्हणाले.

"ह्याचाच. जेवण, पंखा, डॉक्टर."

"अर्ज नसतो. गुन्हा करावा लागतो."

"पिवळं कार्ड?"

"नाही लागत."

"उत्पन्नाचा दाखला?"

"नाही."

"चौकशी घरी येऊन होते का?"

"इथंच होते."

"फारच सोपं आहे," मी म्हणालो. "बायको आणि मुलीलाही घेता येतं का? दोघी कष्टाळू आहेत, पण मी समजावीन."

जमदाडेंनी स्टूल गजांजवळ ओढलं. मग त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. बाजा, जीप, शिरा, डोंगर, सगळं. मधूनमधून ते मिशीत तोंड लपवत होते.

चार वाजता सगुणा आणि रंगनाथ अण्णा आले. अण्णांनी गाडीची ओळख पटवली. मला सोडलं. मी विचारलं, "रात्रीचं जेवण किती वाजता असतं? तेवढं करून आलो तर?"

सगुणा खुरपणीवरून तशीच आली होती. पायाला माती, ओठ सुकलेले. तिची नजर माझ्या रिकाम्या ताटावर गेली आणि लगेच तिकडून निघाली. तेव्हा मला आठवलं, काल संध्याकाळी तिनं लहान भागसुद्धा घेतला नव्हता. मी बघायचो नाही म्हणालो ते खोटं आहे. बघायचो.

माझ्या खिशात दोन चपात्या होत्या. मंदासाठी लपवलेल्या. त्या मी सगुणाच्या हातात दिल्या. जमदाडेंनी ते पाहिलं. "ही मात्र खरी चोरी झाली," ते म्हणाले आणि तोंड वळवून रजिस्टर चाळायला लागले.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "गेनू, एक गोष्ट कायमची डोक्यात ठेव. वस्तू कुणाचीही असो, हातात घ्यायची किंवा द्यायची तर आधी कागद बघायचे. कागद पूर्ण, तो साव. कागद नाहीत, तो चोर. मग तो सख्खा का असेना."

"बरं," मी म्हणालो. सगुणानं हात जोडले. जमदाडेंना वाटलं, ते त्यांना आहेत.

जमदाडे माणूस दयाळू. त्यांनी आमच्या रेशन दुकानदाराला, वसंतशेठला सांगून मला तिथं कामाला लावलं. पोती उचलायची, झाडलोट करायची. मला काम मिळालं! मी तीन दिवस इतकं झाडलं की दुकानातल्या उंदरांना जायला यायला अडचण झाली.

चौथ्या दिवशी महिन्याचं धान्य आलं. चाळीस पोती. शेठना बहिणीकडे लग्नाला जायचं होतं. ते म्हणाले, "गेनू, वाटप मी आल्यावर. तोवर तू बस. कुणी आलंच तर कागद असल्याशिवाय दाणा हलवायचा नाही." बघा, शेठही तेच म्हणाले. माझा धडा दुप्पट पक्का झाला.

अकराच्या सुमाराला सगुणा पिशवी घेऊन आली. "अहो, घरात पीठ नाही. शेठच्या वहीत मांडून दोन किलो गहू द्या. तुमच्या पगारातून कापतील."

"कागद?" मी म्हणालो.

"कसला कागद?"

"कार्ड, दाखला, काहीतरी."

"अहो, मी सगुणा."

"ते मी ओळखलं. पण तुझं यादीत नाव नाही."

"नाव कुणी घालवलं?"

"मीच. म्हणून तर मला पक्कं माहीत आहे."

तिनं पिशवीची घडी केली. हळूच म्हणाली, "मंदा सकाळपासून उपाशी आहे."

माझा हात पोत्याकडे गेलासुद्धा. मग आठवलं, मग तो सख्खा का असेना. मी हात मागं घेतला. सगुणा गेली. ती वळणावर दिसेनाशी झाली तोवर मी बघत उभा होतो. डोळे भरले होते, पण मान ताठ होती. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेलं बरोबर ऐकलं होतं.

बाराला ट्रक आला. त्यातून काळा चष्मा घातलेला एक माणूस उतरला. "दुकान कोण बघतं?"

"मी."

"माल न्यायचाय."

"कागद?"

त्यानं चामडी पिशवी उघडली आणि कागद काढायला सुरुवात केली. असे कागद मी जन्मात पाहिले नव्हते. एकावर गोल शिक्का. एकावर चौकोनी. एकावर दोन सिंह की तीन, नीट मोजता आले नाहीत. एकाला हिरवी नाडी बांधलेली. मी एकेक हातात घेऊन पाहिला, उन्हात धरून पाहिला, मागची बाजूही पाहिली. तो माणूस कपाळाचा घाम पुसत होता.

"पूर्ण आहेत," मी म्हणालो.

त्यानं सुस्कारा टाकला. पोती मीच चढवली. त्याच्याबरोबरचे हमाल सावलीत बसले, कारण मला कामाची हौस. चाळीसावं पोतं टाकून मी खाली बसलो तेव्हा माझ्या पोटातून आवाज आला. तो त्यालाही ऐकू गेला.

"जेवला नाहीस?"

"घरी काही नाही. बायको मघाशी पिशवी घेऊन आली होती. परत पाठवली."

"का?"

"कागद नव्हते."

त्यानं काळा चष्मा काढला. मला वरून खाली बघितलं. "स्वतःच्या बायकोला?"

"मुलीसाठी आली होती. पण कागद नव्हते."

मग तो हमालांना म्हणाला, "एक पोतं उतरवा रे." पोतं माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "हे घरी ने. कुणाला सांगू नको." ट्रक सुरू झाला आणि निघून गेला.

मी आणि पोतं, दोघंच उरलो. गव्हाचा वास येत होता. मी पोत्यावर हात ठेवला. महिनाभराच्या भाकऱ्या, नव्हे चपात्या, आत होत्या. तीन सारखे भाग. सगुणासमोर पोतं नेऊन टाकलं तर ती काय म्हणेल, तेही मला ऐकू आलं. मग मी स्वतःलाच विचारलं, गेनू, या पोत्याचा कागद कुठं आहे?

कागद नव्हता.

मी पोतं पाठीवर घेतलं आणि ट्रकमागं धावत सुटलो. "ओ शेठ! थांबा! एक पोतं राहिलं!" ट्रक जोरात पळायला लागला. मी शेताच्या बांधानं आडवा निघालो, काटे मोडले, एक चप्पल ओढ्यात गेली. मी फाट्यावर पोहोचलो तेव्हा ट्रक नुकताच समोरून येत होता, आणि फाट्यावर हवालदार जमदाडे उभे होते. मोटारसायकलींचा चोर अजून सापडला नव्हता, म्हणून ते फक्त दुचाक्या अडवत होते.

"साहेब, तो ट्रक अडवा!" मी ओरडलो.

जमदाडेंनी शिट्टी मारली. ट्रक थांबला. काळ्या चष्म्याचा माणूस पांढराफटक पडला.

"काय रे गेनू, काय झालं?"

"साहेब, यांचं एक पोतं माझ्याकडे राहिलंय. माझ्याकडे त्याचा कागद नाही."

जमदाडेंनी माझ्याकडे पाहिलं. पाठीवर पोतं, पायात एक चप्पल. "आणि यांच्याकडे कागद आहेत?"

"पूर्ण आहेत. मी स्वतः बघितले. एकेक. दोन्ही बाजूंनी."

जमदाडेंची छाती फुगली. ते आपल्या शिपायांकडे वळले. "बघा, याला म्हणतात माणूस. मागच्या महिन्यात कोठडीत होता. मी दोन शब्द शिकवले." मग त्यांनी स्वतःच्या हातानं ते पोतं माझ्या पाठीवरून घेतलं आणि ट्रकमध्ये टाकलं. शिपायांनी रस्त्यातलं लाकूड बाजूला ओढलं. काळ्या चष्म्याच्या माणसानं सगळ्यांना नमस्कार केला. मला दोनदा केला. ट्रक हमरस्त्याला लागला आणि दिसेनासा झाला.

जमदाडे हात झटकत म्हणाले, "एवढं धान्य कुणाचं होतं रे?"

"आपल्या गावाचं रेशन, साहेब."

"गावाचं? मग गावाबाहेर कुठं चाललंय?"

"ते त्या कागदांवर लिहिलेलं असेल."

"असेल म्हणजे? तू कागद बघितलेस ना?"

"बघितले की," मी म्हणालो. "तुम्ही बघायला सांगितले होते. वाचता मला कुठं येतं?"